रिकाम्या टेबलावरचे ठोके

डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपच्या ओट्यावर बसून ताक पीत होते. होळी होऊन महिना होत आला होता, नंदुरबारला ऊन चढायला लागलं होतं, आणि आत भावाने पत्र्याच्या पेट्यांना भोकं पाडायला ड्रिल लावलं होतं. त्या आवाजात तिचं पहिलं वाक्य मला नीट कळलं नाही. मी उठून रस्त्याकडेच्या निंबाखाली गेले आणि म्हटलं, "सिस्टर, परत सांगा."

"मॅडम, तुमच्या मशीनमुळे ठोके पडतात."

"इन्व्हर्टरमधून आवाज येतो का? ठक् ठक् असा?"

"त्यातून नाही. तो गप आहे. बाळाचे ठोके ऐकायचं आमचं मशीन आहे ना, डॉपलर, त्यातून येतात. टेबलावर बाई नाही, खोलीत कुणी नाही. प्रोब नुसता फडक्यावर ठेवलाय, आणि ठोके पडतायत. आकडापण दाखवतंय."

प्रोब म्हणजे पोटावर फिरवायचा भाग. मी म्हटलं, तो कशाला तरी घासत असेल, वायर सैल असेल. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बघा." आणि जरा थांबून, "लवकर या."

माझं काम इन्व्हर्टर बनवायचं. बॅटरीतली वीज घ्यायची आणि तिची घरात चालते तशी वीज करायची. पुण्यात एका कारखान्यात मी तरुणपणापासून हेच करत आले. तिथला डिझाइनचा विभाग बंद झाला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती, दुसरीकडे जाऊन पुन्हा सगळं सिद्ध करून दाखवायची उमेद राहिली नव्हती. भावाचं नंदुरबारात बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मी परत आले. दुकानाचं वर्कशॉप झालं. लग्न मी केलं नव्हतं, त्यामुळे सामान फारसं नव्हतं.

सातपुड्यातल्या आरोग्य उपकेंद्रांना सोलरची वीज देणाऱ्या एका संस्थेने आम्हाला विचारलं तेव्हा त्यांच्या दोनच मागण्या होत्या: आवाज नको आणि शॉक नको. आधी तिथे जी मशिनं होती ती सतत घूं करायची. बाळंतपणाच्या खोलीत तो आवाज डोक्यात जायचा, आणि सिस्टर लोक वैतागून ती बंद करून ठेवायच्या. मग लशींचा फ्रिजही बंद. मला ते काम आवडलं. सहा-सात महिने मी त्यावर घालवले. वीज एका सेकंदात हजारो वेळा तोडायची आणि जोडायची, तोडण्याचा वेग माणसाच्या कानापलीकडे न्यायचा, आणि काम नसेल तेव्हा मशीनने क्षणभर झोपायचं, क्षणभर जागं व्हायचं, म्हणजे बॅटरी वाचेल. ते तयार झालं तेव्हा चालू आहे की बंद, हे दिवा बघितल्याशिवाय कळत नव्हतं. काठी गावाच्या पलीकडच्या या उपकेंद्रात ते होळीच्या आधी बसवलं. खाली येताना काठीच्या होळीला निघालेल्या गर्दीत आमची पिकअप अर्धा दिवस अडकली, आणि त्या दिवशी त्याचाही त्रास वाटला नव्हता.

फोन ठेवून मी आत गेले. भावाने ड्रिल थांबवलं. "काय व्हयनं ताई?"

"वर जावं लागेल."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. वर जायचं म्हणजे हातोडा पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोई घाट, मोलगी, आणि तिथून पुढे जो काही रस्ता उरला असेल तो. माझे गुडघे दुखतात. त्याची कंबर दुखते. आम्ही दोघं या वयात पिकअपमध्ये शेजारी बसून गप्प प्रवास करायला चांगले शिकलो आहोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. उपकेंद्र टेकडीच्या खांद्यावर, एक दवाखान्याची खोली, एक बाळंतपणाची, मागे सिस्टरची राहायची जागा. सिस्टर नवापूरकडच्या डोंगराळ गावातली, ख्रिस्ती शेतकरी घरातली. घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलायची, आमच्याशी शाळेतलं मराठी, आणि इथे आल्यावर इथली बोली शिकून घेतलेली. चाळिशीची असेल. एरवी आम्ही आलो की आधी चहा ठेवायची. त्या दिवशी थेट बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेली.

डॉपलर स्टीलच्या टेबलाशेजारी स्टुलावर होतं. त्यातले सेल केव्हाच गेले होते, म्हणून ते अडॅप्टर लावून आमच्या विजेवर चालायचं. प्रोब घडी केलेल्या फडक्यावर पडला होता. तिने बटण दाबलं. आधी थोडी खरखर आली. आणि मग आले, ठोके. हळू, गोल, एकामागून एक. आकडा एकशे तीसच्या वर जाऊन स्थिरावला. निरोगी बाळाचे असतात तेवढेच.

मी माझ्या पिशवीतून छोटा रेडिओ काढला. मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला की हा रेडिओ विजेची कुरकुर ऐकवतो. माझ्याकडे याहून महाग उपकरणं आहेत, पण ती घाटात हलून बिघडतात. रेडिओ भिंतीवरच्या वायरजवळ नेला. त्यातूनही तेच. टुक्, टुक्, टुक्. डॉपलरच्या तालात.

"फ्रिज चालू आहे का आता?" मी विचारलं.

"नाही. आत्ताच थांबला."

आम्ही वाट बघत उभे राहिलो. फ्रिज घरघरला, आणि त्याच क्षणी ठोके गेले. तो थांबला, ठोके परत आले. मला आणखी काही तपासायची गरज नव्हती. फ्रिज थांबला की मशीनला काम उरायचं नाही. ते झोपायचं, जागं व्हायचं, झोपायचं. दर जागं होण्याचा एक धक्का वायरवरून, अडॅप्टरमधून, डॉपलरच्या कानात जात होता. झोपेचा काळ मी स्वतः ठरवला होता. अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी. का तेवढाच, तर तेवढ्यात बॅटरी सर्वांत चांगली वाचत होती.

मी ते तिला सांगितलं. ती टेबलाच्या कडेला टेकली.

"मागच्या महिन्यात एक बाई आली होती," ती म्हणाली. "आठवा महिना. बाळ हलत नाही म्हणाली. मी हे लावलं. ठोके आले. मी तिला म्हटलं, बाळ छान आहे, काळजी करू नको. ती हसत घरी गेली."

भाऊ दारात उभा होता. तो बाहेर अंगणात निघून गेला.

"मला बरं वाटेना," सिस्टर म्हणाली. "का ते सांगता येणार नाही. सकाळी तिच्या पाड्यावर गेले, ती जुनी नळी घेऊन, कान लावून ऐकायची. खूप शोधलं. काही नाही. मग तिला जीपने मोलगीला नेलं. तिथे सांगितलं, बाळ दोन-तीन दिवसांपूर्वीच गेलं होतं. बाई वाचली. पण मॅडम, एक पूर्ण रात्र ती बाई आपलं बाळ छान आहे असं समजून झोपली. मी सांगितलं म्हणून."

बाळ माझ्या मशीनने गेलं नव्हतं, तिच्याही बोलण्याने गेलं नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ते म्हणून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी डॉपलरचा अडॅप्टर काढला, भावाला मोलगीहून सेल आणायला पाठवलं, आणि नवे सेल घातल्यावर प्रोब फडक्यावर ठेवून आम्ही दोघी बराच वेळ नुसतं ऐकत बसलो. काही आलं नाही. मग ती चहा करायला उठली.

खाली येऊन मी वर्कशॉपमधलं तसलंच दुसरं मशीन उघडलं. त्याची झोपायची सवय काढून टाकली. बॅटरी थोडी जास्त खाईल, खाऊ दे. आणि धक्के वायरवरून बाहेर जाऊच नयेत म्हणून आम्ही या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. मशीनच्या दोन्ही वायरींपासून अर्थिंगच्या वायरीला एकेक छोटा कपॅसिटर जोडला. शेंगदाण्याएवढी वस्तू असते ती. तिचं काम एवढंच, की कुरकुर बाहेर भटकण्याऐवजी तिला जवळच्या जवळ परत जायला वाट मिळावी. टेबलावर मशीन चालवलं, रेडिओ चिकटवून धरला. रेडिओत नुसती वाऱ्यासारखी सूं. त्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, "आते सुटनं ना?" मी म्हटलं, सुटलं.

पुन्हा घाट चढलो. मशीन बदललं. एक गरोदर बाई तपासायला आलेली होती. सिस्टरने तिच्या पोटावर प्रोब ठेवला, आणि अडॅप्टर लावूनसुद्धा ठोके स्वच्छ आले, मधून मधून वेग बदलणारे, बाळ वळलं की पळणारे. सिस्टरने खात्रीसाठी नळीही लावली. माझ्याकडे बघून मान हलवली. उतरताना मी घाटातच पिकअपच्या खिडकीला डोकं टेकून झोपले.

महिनाभराने तिचा परत फोन. या वेळी आवाज उतरलेला.

"मॅडम, बाया येत नाहीयेत."

"का?"

"म्हणतात, टेबलाला करंट आहे."

मी म्हटलं, असं कसं होईल. आणि बोलता बोलताच मला कळलं कसं होईल.

असे कपॅसिटर लावायचे तर अर्थिंगची वायर खरोखर जमिनीत गेलेली हवी. ती गेली नसेल, तर तेच दोन शेंगदाणे त्या वायरीला हळूच वर उचलून धरतात, तिच्यात करंट सोडतात. करंट अगदी थोडा. माणसाला इजा होणार नाही इतका थोडा. पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून हात लावला तर मुंग्या येतात. बाळंतपणाच्या टेबलाला दिवा क्लॅम्पने लावलेला होता, दिव्याचं अंग अर्थिंगला जोडलेलं होतं. म्हणजे टेबलही.

वर गेल्यावर मी आधी इमारतीच्या मागे गेले. अर्थिंगची वायर भिंतीवरून उतरून जिथे जमिनीत शिरली होती तिथे भावाने हाताने माती उकरली. हातभर गज निघाला. कोणीतरी तो मुरमात ठोकत गेलं होतं, दगड लागल्यावर थांबलं होतं, आणि वर माती सारून दिली होती. मीटर लावलं. अर्थिंग नव्हतीच. इमारत बांधली तेव्हापासून नसावी. आधीच्या घूं करणाऱ्या मशीनला तिची गरज पडली नव्हती, माझ्या गप मशीनला पडली.

सिस्टर आणि आशाताई व्हरांड्यात बसल्या होत्या. आशाताई म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, पाड्या-पाड्यातून गरोदर बायांना घेऊन येणारी. तिशीची, उंच, फार कमी बोलणारी. तिला मराठी समजायचं, पण बोलायची ती तिच्या बोलीत, आणि सिस्टर सांगायची.

झालं असं होतं. एक बाई कळा येत असताना टेबलावर होती. फरशी नुकती पुसलेली. तिची आई उशाशी उभी होती, अनवाणी. आईने लेकीला धरायला एक हात टेबलाच्या कडेला टेकला, आणि झिणझिणलं. तिने किंचाळून हात काढला. लेक घाबरून उठली आणि कळा देत देतच व्हरांड्यात येऊन बसली. बाळंतपण व्हरांड्यात झालं. बाळ-बाळंतीण दोघं ठीक होती. पण आईने जे सांगायचं ते सगळ्या पाड्यांवर सांगितलं.

"धोका नाही त्याला," मी म्हटलं. "खरंच नाही. हिशेबाने तो करंट इतका कमी आहे की..."

"मॅडम," सिस्टर म्हणाली, "हे मी कुणाला सांगू? कळा देणाऱ्या बाईला सांगू, की मुंग्या येतायत पण घाबरू नको?"

ती चिडली नव्हती. दमली होती. गेल्या काही आठवड्यांत तिने तीन पाडे पालथे घातले होते, प्रत्येक घरात बसून समजावलं होतं, आणि त्या काळात दोन बाया घरीच बाळंत झाल्या होत्या. त्यातल्या एकीला रक्तस्राव झाला, तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागलं.

मी तिथल्या तिथे कपॅसिटर कापून टाकले. पक्कड घेऊन, उभ्या उभ्या. टेबलाच्या मुंग्या गेल्या. डॉपलरमध्ये खरखर परत आली, पूर्वीसारखे ठोके नाहीत, कारण मशीन आता झोपत नव्हतं, पण खरखर इतकी की बाळ त्यात बुडून जावं. सिस्टरने एकदा ऐकलं आणि बटण बंद केलं. "सेलवर चालवते," ती म्हणाली. सेल मोलगीला कधी असतात, कधी नसतात.

परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "ताई, तुन्हं मशीन नि मन्ही गाडी, दोन्हीबी थकी गयात." मग थोड्या वेळाने, "नि आपनबी."

मला खरोखर सोडून द्यावंसं वाटत होतं. गप करायला गेलं की अंगाला झोंबतं, झोंबणं काढलं की बोलायला लागतं. पुण्यात असताना या दोन गोष्टींच्या मधली वाट आम्ही कागदावर काढायचो, आणि कागदावर अर्थिंग नेहमी चांगली असायची.

घरी आले. दोन दिवस वर्कशॉपला गेले नाही. वहिनीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, ठेचा केला, ते खाल्लं, झोपले, उठून परत झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "जुना ट्रान्सफॉर्मर लावायचा."

भाऊ बघतच राहिला. लोखंडी पट्ट्यांचा, तांब्याच्या तारेचा, दोन्ही गुंडाळ्यांच्या मध्ये तांब्याचा पातळ पत्रा घातलेला ट्रान्सफॉर्मर. बाळंतपणाच्या खोलीची वीज पूर्ण वेगळी करायची. इकडची कुरकुर तिकडे जाणार नाही, आणि तिकडे टेबलाला हात लावला तर करंटला परत यायला वाटच नाही. उपाय जुना, माझ्या जन्माआधीचा. दोष दोन. वजन इतकं की एका माणसाला उचलत नाही. आणि तो घूं करतो.

"जी घूं काढाले तू इतलं करं..." भाऊ म्हणाला.

"हो. थोडी घूं राहील."

गुंडाळी मी स्वतः केली. पट्ट्या आवळून बांधल्या, वार्निशात बुडवून वाळवल्या, खाली रबराचे तुकडे दिले. घूं अगदी संपली नाही. शेजारच्या खोलीत कोणी हळू पुटपुटत असावं, तेवढी राहिली. मी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि ठरवलं की याच्याहून कमी मला जमणार नाही.

अर्थिंगही करायची होती, कारण ती तशी ठेवून मला झोप लागली नसती. वर कुठे खणायचं हे आशाताईने दाखवलं. हातपंपाचं सांडपाणी उतारावरून वाहत जाऊन जिथे मुरतं, तिथे उन्हाळ्यातही माती काळी आणि ओली असायची. गावातले चार-पाच जण पहारी घेऊन आले. तिथेही कंबरभर खाली दगड लागला, पण तोवर पुरेसं खोल गेलो होतो. लोखंडी पट्टी उतरवली, कोळसा आणि मीठ भरलं, वायर इमारतीपर्यंत आणली. भाऊ आणि एक जण बांबूला ट्रान्सफॉर्मर टांगून तो वर घेऊन आले. मी मीटर लावलं, रेडिओ लावला, डॉपलर लावलं. सगळं जागेवर होतं.

आशाताई दाराशी उभी होती. मागे सहा-सात बाया, दोघी-तिघी पोटुशा. त्या आत यायला तयार नव्हत्या. त्यांच्यात ती आईही होती, जिचा हात झिणझिणला होता. आशाताई काहीतरी बोलली. सिस्टर हसली, मग माझ्याकडे वळली.

"ती म्हणते, मशीन यांचं आहे ना? मग आधी यांना झोपू दे टेबलावर."

"झोपते," मी म्हटलं.

"ओल्या पायाने, म्हणते."

मी चप्पल काढली. सिस्टरने बादलीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, फरशीवरही ओतलं. त्या ओल्या फरशीवर उभी राहून मी दोन्ही तळहात ओले करून टेबलावर टेकवले. कडा धरली. दिवा धरला. मग टेबलावर चढले. चढताना गुडघा असा कळवळला की तोंडातून आवाज निघाला, आणि दारातल्या बाया एकदम मागे सरल्या. "गुडघा, गुडघा," मी ओरडून सांगितलं. सिस्टरने ते त्यांच्या बोलीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मी पाठीवर पडले. स्टील थंड होतं. बाहेर ऊन होतं, सकाळपासून मी उतारावर खड्ड्यापाशी उभी होते, त्याआधी घाट, त्याआधीच्या दिवशी गुंडाळ्या. छताकडे बघत मी हात-पाय सैल सोडले. बाळंतपणाच्या टेबलावर मी आयुष्यात पहिल्यांदाच पडले होते आणि कारण हे होतं. मला त्याचं वाईट वाटलं की हसू आलं, आठवत नाही. ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात हळू घूं करत होता. बाया कुजबुजत होत्या. सिस्टर म्हणाली, "थोडा वेळ पडून राहा, त्यांना बघू दे."

आणि मला झोप लागली.

किती वेळ ते माहीत नाही. जाग आली ती कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून हलवत होतं म्हणून. ती आई होती. ओल्या फरशीवर अनवाणी उभी, दुसरा हात टेबलाच्या कडेवर. खोलीत सगळ्या बाया आल्या होत्या. एकजण दिव्याची मान वर-खाली करून बघत होती. आशाताई भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय म्हणतायत?" मी उठून बसत सिस्टरला विचारलं.

"म्हणतायत, तुम्ही घोरता."

त्या दिवशी दोन बायांनी डॉपलर लावून घेतलं. पहिली सोळा-सतरा मैलांवरून आली असावी इतकी धुळीने माखलेली होती. सिस्टरने तिचं पोट पुसून प्रोब ठेवला. ठोके आले तेव्हा ती मान वळवून स्पीकरकडे नाही, स्वतःच्या पोटाकडे बघत राहिली. त्यानंतर सिस्टरने प्रोब उचलून हवेत धरला, आणि आवाज थांबला. ते तिने कुणाला दाखवण्यासाठी केलं नव्हतं. तिची स्वतःची ती सवय होऊन बसली होती. प्रत्येक बाईच्या वेळी, आधी एकदा आणि नंतर एकदा, रिकामा ऐकायचा.

बाया एकदम परत आल्या नाहीत. पावसाळा संपेपर्यंत एखाददुसरी यायची. दिवाळीनंतर बऱ्याच जणी येऊ लागल्या असं सिस्टरने सांगितलं. जिचं बाळ गेलं होतं ती बाई तपासणीला आली का, हे मी एकदा विचारलं होतं. ती कामाला गुजरातेत गेली होती, नवऱ्याबरोबर, ऊसतोडीला. सिस्टरला एवढंच माहीत होतं.

संस्थेच्या लोकांना मी सांगितलं की जिथे जिथे बाळंतपणाची खोली आहे तिथे तिथे ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मशीन बसवायच्या आधी प्रत्येक ठिकाणची अर्थिंग आम्ही स्वतः तपासणार. ते म्हणाले वजन फार होतं. मी म्हटलं, होतं. बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनी मानलं, पण न्यायची आणि खणायची जबाबदारी आमच्यावर टाकली. म्हणजे भावावर आणि माझ्यावर.

तेव्हापासून आम्ही तेच करतो आहोत. एक उपकेंद्र झालं की दुसरं. कुठे जुनी अर्थिंग चांगली निघते, तेव्हा भाऊ मीटरकडे बघून हात जोडतो. बहुतेक ठिकाणी हातभर गज निघतो. परवा धडगावच्या बाजूला एका ठिकाणी तर गजही नव्हता, वायर भिंतीतून बाहेर येऊन नुसती प्लास्टरच्या मागे वळवलेली होती. तिथल्या सिस्टरला ते माहीत नव्हतं. नवी आहे, तरुण आहे. ती म्हणाली, "मॅडम, एवढं लागतंच का?"

मी तिला सगळं सांगायला बसले नाही. तेवढा दम नव्हता. मी ट्रान्सफॉर्मर न जोडता आमच्या मशीनवर तिचं डॉपलर अडॅप्टरने लावलं, प्रोब फडक्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि तिला म्हटलं, "ऐका." खरखर ऐकून तिने भुवया चढवल्या. मग ती गावात माणसं बोलवायला गेली. भाऊ पिकअपच्या सावलीत पाय पसरून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. आम्ही डबा उघडला. वहिनीने वांग्याचं भरीत दिलं होतं, भाकरी थोडी कडक झाली होती. खाऊन होईपर्यंत दोन माणसं पहारी घेऊन आली, आणि खणायची जागा कुठली म्हणून विचारू लागली. मी हात धुतले आणि ओली माती शोधायला उतारावर निघाले.